तंबोऱ्याच्या तारा : कोणत्या निवडाव्या आणि केव्हा बदलाव्या



वसंतातल्या या व्याख्यानांच्या पंक्तीला इतिहास, अर्थकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय बसत आले आहेत. त्या पंक्तीत तंबोऱ्याच्या चार तारांनी येऊन बसावे हे कित्येकांना थोडे धिटाईचे वाटेल. तार ही वस्तू ती काय? बाजारात पुडीत मिळते, तुटली की दुसरी लावतात. परंतु आपल्यापैकी ज्यांच्या घरी गाणे आहे, ज्यांची मुलेमुली संध्याकाळी वही काखोटीला मारून गाण्याच्या शिकवणीला जातात, त्यांना मी एवढेच विचारतो की, आपल्या घरच्या तंबोऱ्याच्या तारा शेवटी कोणत्या साली बदलल्या हे आपणांस सांगता येईल काय? बहुतेकांचे उत्तर असे येईल की, तुटलेली तेवढी बदलली, बाकीच्या पूर्वीच्याच आहेत. तार तुटेपर्यंत ती चांगलीच असते, असा आपला समज आहे. हा समज चुकीचा आहे. तार तुटण्याच्या फार आधी मरते. आणि मेलेल्या तारेवर लहान मुलाचा कान तयार होत असेल, तर त्याचे नुकसान तारेच्या किमतीत मोजता येत नाही.

म्हणून आज तीन प्रश्नांचा विचार करू. तार मरते म्हणजे काय होते? ती मेली हे घरच्या घरी कसे ओळखावे? आणि नवी घेताना कोणती घ्यावी?

तंबोऱ्याकडून आपण काय मागतो

तंबोरा नुसता षड्ज आणि पंचम देत असता, तर त्याचे काम एखाद्या पेटीची पट्टी दाबून धरूनही झाले असते. तंबोऱ्याचे वैशिष्ट्य असे की, तो चार तारांतून चाराहून पुष्कळ अधिक स्वर देतो. कोणतीही ताणलेली तार छेडली असता ती एकाच वेळी अखंडही हलते आणि आपल्या दोन, तीन, चार, पाच समान भागांतही हलते. अखंड तारेचा जो स्वर तो मूळ. भागांचे जे स्वर ते उपस्वर. दोन भागांचा उपस्वर वरचा षड्ज, तीन भागांचा त्यावरचा पंचम, चार भागांचा आणखी वरचा षड्ज आणि पाच भागांचा गंधार. हाच तो खर्जाच्या तारेतून निघणारा, गवयांनी ज्याला स्वयंभू गंधार म्हटले, तो स्वर. तो कोणी लावलेला नसतो. तार खरी असेल आणि जवारी नीट असेल तर तो आपोआप प्रकटतो.

इतर वाद्यांत हे उपस्वर क्षीण असतात आणि लवकर विझतात. तंबोऱ्यात ते ठळक असतात व फुलत जातात. असे का व्हावे, याचा शास्त्रीय शोध ज्यांनी घेतला त्यांचा आपल्या गावाशी थोडा संबंध आहे. चंद्रशेखर वेंकट रामन हे पुढे १९३० साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. परंतु त्यापूर्वी ते सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते, आणि १९१० साली त्यांची रंगूनहून नागपुरास बदली झाली होती. येथे ते अल्पकाळच राहिले. पुढे कलकत्त्यास १९२१ साली त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात तंबोरा आणि वीणा यांचा विचार आहे. तोपर्यंतचा नियम असा होता की, तार ज्या ठिकाणी छेडावी त्या ठिकाणी ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर उमटू नये. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली तर दोन भागांचा उपस्वर मिळू नये. रामन यांनी दाखवून दिले की, तंबोऱ्यात तो मिळतो. याचे कारण घोडीत आहे. पाश्चात्य वाद्यांची घोडी धारदार कडेची, तर आपली रुंद आणि किंचित उताराची. हलणारी तार त्या उतारावर पुनःपुन्हा टेकते व उचलली जाते; तारेखाली सरकविलेले सूत तिची टेकण्याची जागा ठरविते; आणि त्या टेकण्याउचलण्यातून उपस्वरांना सतत नवा जोर मिळत राहतो. जवारी म्हणतात ती हीच.

यावरून आपल्या विषयाचे सूत्र हाती येते. तंबोऱ्याची सारी श्रीमंती उपस्वरांत आहे, आणि तार बिघडू लागली की पहिला घाला पडतो तो उपस्वरांवरच. मूळ स्वर तसाच राहतो. म्हणून वरवर ऐकणाऱ्याला काही बिघडले असे वाटतच नाही.

तार मरते म्हणजे काय

तारेचे उपस्वर अचूक जुळावयाचे तर ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या जाडीची व सारख्या वजनाची असली पाहिजे. नवी चांगली तार तशी असते. पुढे तिच्यावर तीन संकटे येतात.

पहिले संकट गंजाचे. पोलादी तारेवर दमट हवेत तांबूस ठिपके येतात. ठिपका दिसावयास क्षुल्लक. पण पाव मिलिमीटर जाडीच्या तारेच्या दृष्टीने तो लहानसा डोंगर आहे. तेथे तारेचे वजन व लवचिकपणा बदलतो, दोन भाग समान राहत नाहीत, आणि दोन भागांचा उपस्वर नेमका वरचा षड्ज न येता किंचित बाजूला सरकतो. मूळ स्वर एक सांगतो, उपस्वर दुसरे सांगतो. ही तार खोटी बोलू लागली असे समजावे. खुंटी कितीही पिळा, मणी कितीही सरकवा, ती जुळणार नाही. कारण दोष ताणात नसून तारेच्या अंगात आहे.

दुसरे संकट मळाचे. बोटांचा घाम, तेल, धूळ यांचे पातळ पूट तारेवर चढते. त्यामुळे तारेच्या हालचालीतील शक्ती लवकर खर्ची पडते, आणि बारीक, वेगवान कंपने आधी विझतात. आवाज जाड, बसका होतो. पितळी तार गंजत नाही हे खरे, पण ती काळवंडते, आणि तिच्यावरही मळ बसतोच.

तिसरे संकट झिजेचे. तार घोडीवर जेथे टेकते तेथे अक्षरशः लक्षावधी वेळा आपटते. पितळ मऊ, त्यामुळे खर्जाच्या तारेला त्या ठिकाणी खालून चपटेपणा येतो. पोलादी तार कठीण. ती स्वतः कमी झिजते, पण घोडीवरच खाच पाडते. दोन्ही प्रकारांत जवारी जाते. पहिल्या प्रकारात तार बदलून भागते. दुसऱ्या प्रकारात घोडी घासून देणारा जाणता कारागीर लागतो. हा भेद ध्यानात असला म्हणजे पुष्कळ खर्च व मनस्ताप वाचतो.

नागपूरची हवा

मुंबई-रत्नागिरीकडे समुद्राची खारी हवा तारांना वर्षभर छळते. आपले तसे नाही. आपल्या हवेचा स्वभाव टोकाचा आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात आणि हवा इतकी कोरडी की ओले धोतर तासाभरात खणखणीत वाळते; जूनच्या मध्यानंतर पाऊस, आणि मग सप्टेंबरअखेर दमटपणा. एवढ्या कोरड्या उन्हाळ्यात गंज कसा चढेल, असे कोणी म्हणेल. पण आपण उन्हाळ्यात तंबोरा कोठे ठेवतो ते पाहा. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर ज्या खोलीत चालतो, त्याच खोलीत! बाहेर भट्टी आणि आत ओली हवा. कूलरचा झोत ज्या भिंतीवर येतो त्या भिंतीशी टेकून ठेवलेल्या तंबोऱ्याच्या तारा ऐन वैशाखात तांबूस पडतात. तेव्हा पहिला उपाय फुकटचा आहे: तंबोऱ्याची जागा कूलरच्या वाटेतून काढा.

उष्णतेचा दुसरा परिणाम सुरावर होतो. धातू तापला की लांबतो, ताण उतरतो, स्वर खाली येतो. पण सर्व तारा सारख्या उतरत नाहीत. साधारण पुरुषी तंबोऱ्याचा ठोकळ हिशेब केला तर, दहा अंश उष्णता वाढली असता पोलादी जोड एका अर्धस्वराच्या सुमारे चतुर्थांशाने उतरते, तर पितळी खर्ज जवळजवळ पुरा अर्धस्वर उतरतो. पितळ तापून पोलादापेक्षा अधिक लांबते, आणि खर्जाच्या तारेवर तिच्या जाडीच्या मानाने ओढ कमी असते, ही त्याची कारणे. म्हणून गार केलेल्या सभागृहातून बाहेर मांडवात आलेला तंबोरा खर्जात सर्वांत अधिक बिघडतो. श्रोते म्हणतात, तार खराब झाली. तार खराब झालेली नसते. तिला नव्या हवेत अर्धा तास बसू द्यावयाचे असते. तार बदलण्याचे कारण कोणते आणि नुसती मिळवून घेण्याचे कोणते, हे ओळखणे हीच या विषयातील अर्धी विद्या आहे.

घरच्या घरी परीक्षा

आता परीक्षा सांगतो. चारही परीक्षांना गवई असण्याची गरज नाही.

पहिली डोळ्यांची. तंबोरा उजेडात आडवा धरा. पोलादी तारेवर तांबूस ठिपका किंवा काळी रेघ दिसली, तर प्रश्नच संपला.

दुसरी नखाची. तार थोडी सैल करून घोडीवरून उचला आणि तिच्या खालच्या बाजूने नख फिरवा. घोडीजवळ चपटेपणा किंवा कंगोरा लागला तर तार झिजली.

तिसरी परीक्षा सर्वांत महत्त्वाची. जोडीच्या तारा आपसांत नीट मिळवा, खर्जही मिळवा. मग खर्जाच्या तारेच्या बरोबर मध्यावर डाव्या हाताचे बोट हलकेच टेकवून ती छेडा आणि बोट लगेच उचला. जो स्वर येईल तो जोडीच्या षड्जाशी तंतोतंत मिळाला पाहिजे. खर्ज मोकळा छेडला असता मिळालेला वाटतो, आणि मध्यावर बोट ठेवले की किंचित वर किंवा खाली जातो, असे झाले तर ती तार खोटी. तिच्यावर अधिक श्रम करू नयेत.

चौथी परीक्षा स्वयंभू गंधाराची. खोली शांत करून एकटा खर्ज छेडा व सूत थोडे थोडे मागेपुढे सरकवा. एका जागी आवाज खुलतो आणि काही क्षणांनी वर गंधार तरळू लागतो. ज्या तारेत सूत कोठेही नेले तरी गंधार येत नाही, तेथे दोन शक्यता आहेत. चारही तारा सारख्याच मुक्या असतील तर दोष घोडीचा, कारागिराकडे जावे. तीन बोलतात आणि एकच मुकी आहे, तर दोष त्या तारेचा, ती बदलावी. कारागिराकडे धावण्यापूर्वी हा निवाडा घरी करता येतो.

किती काळाने बदलावी

सर्वांना लागू पडेल असा एकच आकडा नाही, आणि तो का नाही हे दुसऱ्या एका वाद्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आज आपल्या गावातही खांद्याला बास गिटार अडकविलेली मुले दिसतात. हे वाद्य अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणल्यावर रूढ झाले. त्याच्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे आपल्या तंबोऱ्याच्याच जवळपास. पण सर्वांत खालचा स्वर सेकंदास ४१ आंदोलनांचा. एवढा खाली स्वर सरळ पोलादी तारेतून योग्य ताणावर काढावयाचा तर ती अडीच मिलिमीटर जाडीची सळईच करावी लागेल, आणि सळई गाणार नाही. म्हणून बारीक तारेवर दुसरी तार गुंडाळून वजन वाढवितात. गुंडाळलेली तार गोल असेल तर आवाज लखलखीत येतो. पण वेटोळ्यांच्या फटींत घाम व मळ भरून तो लखलखाट थोड्याच आठवड्यांत जातो. गुंडाळी चपट्या पट्टीची असेल तर आवाज मूळचाच गोल, घुमणारा असतो, आणि वर्षानुवर्षे फारसा बदलत नाही. डेट्रॉईटच्या मोटाऊन गाण्यांतून बास वाजविणारे जेम्स जेमरसन चपट्या गुंडाळीच्या तारा तुटेपर्यंत बदलीत नसत, अशी त्यांची ख्याती आहे. तर १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये गोल गुंडाळीच्या तारा घेणारे जॉन एंटविसल यांच्यासारखे वादक त्या ताज्या लखलखाटासाठीच घेत होते. दोघेही बरोबर. प्रत्येकाने आपल्याला कोणता आवाज हवा ते आधी ठरविले आणि त्यावरून तारेचे आयुष्य ठरले.

हाच न्याय आपल्याकडे लावू. सतारीची बाजाची तार पडद्यांवर दाबली जाते, मींडेसाठी ओढली जाते. तिला पडद्यांचे दंत पडतात. म्हणून रोज रियाज करणारा सतारिया ती काही आठवड्यांत बदलतो. तंबोऱ्याची तार पडद्याला लागत नाही, ओढली जात नाही, आणि बोट तिला एकाच ठिकाणी, हलकेच लागते. गुंडाळीच्या फटीही तिला नाहीत. म्हणून ती पुष्कळ अधिक टिकते. पण जेमरसनप्रमाणे तुटेपर्यंत ठेवण्याची मुभा आपल्याला नाही. कारण त्यांना उपस्वर कमी हवे होते, आपल्याला ते सर्व हवे आहेत.

तेव्हा आपल्या गावापुरता माझा हिशेब असा. तंबोरा रोज तास-दोन तास छेडला जात असेल तर पोलादी तारा सहा महिन्यांनी, खर्ज वर्षाने. आठवड्यातून दोनचार वेळा छेडला जात असेल तर चारही तारा वर्षातून एकदा. भिंतीला गवसणी घालून टांगलेला असेल तरीही दोन वर्षांनी. कारण न वाजविलेली तारसुद्धा पावसाळा पाहतच असते. बदलण्याची वेळ दसऱ्याच्या आधीची ठेवावी. पाऊस ओसरलेला असतो, लाकूड दमटपणा टाकू लागलेले असते, आणि खंडेनवमीला आपण वाद्याची पूजा करतो. गंजलेल्या तारांवर हळदकुंकू वाहण्यापेक्षा नव्या तारांवर वाहिलेले बरे. आणि परीक्षेत तार खोटी ठरली, तर दसऱ्याची वाट पाहू नये.

कोणती तार निवडावी

आता निवड. तारेचे नियम फ्रान्सच्या मर्सेन या विद्वानाने १६३६ साली लिहून ठेवले. लांबी दुप्पट केली तर स्वर सप्तकाने खाली. जाडी दुप्पट केली तरी सप्तकाने खाली. आणि स्वर सप्तकाने वर न्यावयाचा तर ताण दुप्पट नव्हे, चौपट करावा लागतो. या तीन नियमांतून तंबोऱ्याच्या तारांची सारी रचना उलगडते.

जोडीच्या तारा पोलादी आणि खर्ज पितळी, ही रूढी नव्हे, गरज आहे. पुष्कळांची समजूत अशी की, जाड तार घेतली म्हणजे ती वर चढविताना तुटणार नाही. हे खरे नाही. तार जाड झाली की तिची ताकद वाढते हे खरे. पण त्याच प्रमाणात तिचे वजनही वाढते, आणि त्याच स्वरासाठी ताणही तितकाच अधिक लागतो. म्हणून अमुक लांबीची तार कोणत्या स्वराला तुटेल, हे तिच्या जाडीवर नव्हे, धातूवर अवलंबून असते. काळी एक पट्टीच्या पुरुषी तंबोऱ्यात जोडीचा षड्ज सुमारे १३८ आंदोलनांचा. तेथे साध्या पितळेची ताकद जवळजवळ संपते. पोलाद तो भार सहज पेलते. खर्ज मात्र एक सप्तक खाली, म्हणजे त्याच्यावरील ओढ जाडीच्या मानाने चौथाईच. तेथे पितळ निर्धास्त राहते.

मग खर्जही पोलादाचा का नको? कारण खर्जाला जाड तार लागते आणि पोलाद पितळेच्या दुप्पट ताठ आहे. ताठ तार सळईच्या वळणावर जाते. तिचे उपस्वर नेमक्या जागी न पडता वर सरकतात. पितळ मऊ व जड, म्हणून तिचे उपस्वर आपल्या जागी पडतात आणि गंधार निर्मळ येतो. काशाची, म्हणजे तांबे व कथील यांच्या मिश्रणाची तारही मिळते. ती पितळेहून बळकट व टिकाऊ. पितळेचा आवाज थोडा अधिक मऊ. दोन्ही चालतील. जो आवाज आपल्या गळ्याखाली बरा बसतो तो घ्यावा.

जाडीचे आकडे सांगतो. लिहून घेण्यास हरकत नाही. सव्वातीन फुटांच्या आसपास तार असलेला पुरुषी तंबोरा, पट्टी काळी एकच्या जवळ: पहिली तार पोलादी ०.४० मिलिमीटर, जोड पोलादी ०.३० मिलिमीटर, खर्ज पितळी ०.५५ मिलिमीटर. यात प्रत्येक तारेवर सुमारे चार किलोचा ताण येतो आणि चौघी एकमेकींशी समतोल राहतात. बायकी तंबोरा, तारेची लांबी सव्वादोन ते अडीच फूट, पट्टी काळी पाचच्या जवळ: पहिली ०.३०, जोड ०.२५, खर्ज ०.४५ मिलिमीटर. पट्टी याहून खाली असेल तर किंचित जाड, वर असेल तर किंचित बारीक. तार फार बारीक असेल तर ती घोडीवर लुळी पडून भणभणते. फार जाड असेल तर तबलीवर नाहक भार येतो व जवारी दबते.

दुकानात आकड्यांचा एक घोटाळा होतो, त्यापासून सावध असावे. पोलादी तारेचा नंबर वाढला की तार जाड होते: एक नंबर सुमारे ०.२५, तीन नंबर ०.३० आणि सहा नंबर ०.४० मिलिमीटर. पितळी तारेचा गेज मात्र वाढला की तार बारीक होते: २४ गेज सुमारे ०.५६, तर २६ गेज ०.४६ मिलिमीटर. दुकानदाराला नंबर न सांगता मिलिमीटर सांगावे, म्हणजे वाद राहत नाही. पोलादी तार पियानोसाठी ओढतात त्या प्रतीची घ्यावी. जर्मनीतील रोस्लाऊची तार आपल्याकडे त्यासाठी नावाजलेली आहे. पुडीतून काढलेली तार बोटांतून सरकवून पाहावी. कोठेही दुमड किंवा खरखर लागली तर परत करावी.

पहिल्या तारेबद्दल एक विशेष गोष्ट. ती रागानुसार पंचमात, मध्यमात किंवा निषादात मिळवितात. मंद्र मध्यमापासून मंद्र निषादापर्यंत चढताना तिच्यावरील ताण जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून जो मारवा-पुरियाही गातो आणि मालकंसही गातो, त्याने पहिली तार पोलादीच ठेवावी. जो बहुधा पंचमातच गातो, त्याने तेथे पितळी किंवा काशाची तार लावली तरी चालेल. आवाज अधिक गोल येईल.

तार चढविण्याची रीत

चारही तारा एकदम काढू नयेत. चौघींचा मिळून पंधरा-सोळा किलोंचा भार दांडी व तबली वर्षानुवर्षे पेलीत असते, आणि घोडी त्या दाबाखालीच जागेवर बसलेली असते. भार एकदम गेला की घोडी सरकते आणि जवारी जाते. प्रथम शिसपेन्सिलीने घोडीच्या कडांची खूण करावी. मग एक तार सैल करून काढावी, तिच्या जागी नवी चढवावी, आणि ती अर्ध्याअधिक ताणावर आली म्हणजे पुढच्या तारेला हात लावावा. जुनी तार ताणलेली असताना कापू नये. डोळ्याला अपाय होतो.

नव्या तारेचा फास लंगोटाला अडकवावा, मण्यातून तार ओवावी, घोडीवरून व वरच्या पट्टीवरून नेऊन खुंटीला चार-पाच वेढे शेजारी-शेजारी द्यावे. वेढ्यावर वेढा चढला की तार मिळविल्यावर घसरत राहते. मणी मधल्या जागी ठेवून मग खुंटी पिळावी, म्हणजे पुढे बारीक मिळवणीस दोन्हीकडे वाव राहतो. खुंटी घसरत असेल तर तिला थोडा खडू लावावा. जुने सूतही याच वेळी बदलावे. नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते आणि तिचा आवाजही थोडा तीक्ष्ण असतो. म्हणून कार्यक्रमाच्या दिवशी तारा बदलू नयेत, आठवडाभर आधी बदलाव्या.

पुढची निगा सोपी आहे. वाजवून झाले की कोरड्या मऊ फडक्याने प्रत्येक तार पुसावी. एवढ्या एका सवयीने तारेचे आयुष्य पुष्कळ वाढते. पावसाळ्यात तंबोरा बंद राहणार असेल तर तारा दोन-तीन स्वर उतरवून, गवसणी घालून आतल्या भिंतीशी ठेवावा.

हे सारे कशासाठी

कोणी म्हणेल, आता या खटाटोपाची गरजच काय? १९७०च्या दशकाअखेर विजेवर चालणारा तंबोरा निघाला. आज तर तो मोबाईलमध्येच आहे. त्याला तार नाही, गंज नाही, उन्हाळा नाही. प्रवासात, एकट्याच्या रियाजाला त्याचा उपयोग होतो, आणि त्याची निंदा करण्याचे कारण नाही. पण जे मूल केवळ तोच ऐकते, त्याला स्वर मिळविण्याचा अभ्यास कधीच होत नाही. खुंटी पिळताना दोन षड्जांमधली लाट हळूहळू मंद होत जाते आणि एका क्षणी दोन्ही तारा एक होतात, हे ज्याने आपल्या हाताने अनुभवले, त्याला सूर म्हणजे काय हे पुन्हा शिकवावे लागत नाही. डॉ. वसंतराव देशपांडे यांचे संगीताचे प्रारंभिक शिक्षण याच नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे झाले. त्या पिढीला कान मिळाले ते तंबोऱ्याशेजारी बसून.

मिरजेच्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावण्याचा व्यवसाय मागे टाकून वाद्ये घडविण्यास आरंभ केला. पंढरपूर भागातील भीमाकाठचा भोपळा आणि तुणीचे लाकूड यांतून त्यांनी जो तंबोरा घडविला, त्याला आणि मिरजेच्या सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण मानांकन वाद्याला मिळते, आवाजाला नाही. आवाज ज्याने त्याने आपल्या घरी जपावयाचा असतो. आपल्यापैकी कित्येकांच्या दिवाणखान्यात आजोबांचा किंवा आईचा तंबोरा गवसणीत उभा आहे. चार तारांचा संच एका कुटुंबाने बाहेर एकदा फराळ केला तर जेवढा खर्च येतो त्याहून अधिक महाग नाही, आणि काम एका सकाळचे. ते केले म्हणजे खर्ज छेडून थोडे थांबावे. वर गंधार तरळला, तर वाद्य अजून जिवंत आहे. आणि घरातल्या मुलाला तो ऐकू आला, तर त्याच्या शिक्षणाला आरंभ झाला असे खुशाल समजावे.